कैलासवासी स्वयंसेवक

विधाते सरांच्या गळ्यात राष्ट्रीय सेवा योजना पडली ती काही त्यांनी मागितली म्हणून नव्हे. कामांच्या वाटपाची मीटिंग होती त्या दिवशी ते द्वारका सर्कलवर पाऊण तास अडकले, आणि कॉलेजात पोचेपर्यंत जिमखाना गेला होता, स्नेहसंमेलन गेलं होतं, सहलसुद्धा गेली होती. पोह्यांच्या तळाशी कढीपत्ता उरावा तशी सेवा तेवढी उरली होती. "मराठीच्या माणसाला समाजाची कळकळ असतेच," असं म्हणत प्राचार्यांनी फाइल पुढे सरकवली. फाइलीत सगळ्यात वर विद्यापीठाचं परिपत्रक होतं : विद्यार्थ्यांमध्ये शाश्वत सवयी आणि सामुदायिक स्वयंसेवेची भावना रुजवावी. रुजवण्याची शेवटची तारीख तीस सप्टेंबर होती.

कागदावर स्वयंसेवक शंभर होते. पहिल्या सभेला चार आले. त्यातली दोघं रिकामा वर्ग शोधत आलेली होती. सरांना पाहून ती इतक्या पडेल चेहऱ्याने बसली की सरांनाच आपण मधे आल्यासारखं वाटलं. तिसरा महेश, चांदवडचा. त्याने एकच प्रश्न विचारला, "सर, वर्षाला एकशे वीस तास भरायचे असतात ना? ते एकदम भरता येतात का? म्हणजे पाच दिवस सलग जागून?" चौथी हर्षाली. तिच्या हातात वही होती, वहीवर तारीख घातलेली होती, आणि तिला खरोखरच काहीतरी करायचं होतं. अशा विद्यार्थ्यांची सवय नसल्याने सरांना मनातून जरा धास्तीच वाटली.

"सर, पंधरा ऑगस्टच्या नाश्त्याच्या प्लेटा अजून कॅन्टीनमागे पडल्यात," ती म्हणाली. "गायी खातात."

सर बघायला गेले. चकचकीत कागदी प्लेटांचा ढीग होता आणि एक गाय त्यातली एक प्लेट सावकाश चघळत होती. सरांकडे तिने पाहिलंही नाही. त्या गायीसमोर उभं असताना सरांना ताटांची बँक सुचली. घरोघरच्या माळ्यांवर स्टीलची ताटं पडून असतात. ती मागून आणायची, कॅन्टीनमध्ये ठेवायची, कॉलेजात कुठलाही कार्यक्रम असो, त्याच ताटांत जेवायचं आणि आपलं ताट आपण घासायचं. सवयही शाश्वत, सेवाही सामुदायिक.

ताटंच का सुचली, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

सरांची बायको छाया हिला जाऊन दोन वर्षं होत आली होती. छाया सायखेड्याच्या, फुलं-भाजी पिकवणाऱ्या घरातली. दोघांपुरता स्वयंपाक तिला कधी जमला नाही. तिच्या हाताला सहा माणसांच्या खालचं मापच माहीत नव्हतं. जिन्यावरून जाणारा माणूस तिच्या दारावरून उपाशी गेला असं झालं नाही. तिच्या वर्षश्राद्धाला सरांनी भांडीबाजारातून एक्कावन्न ताटं आणली होती, जाड आणि खोलगट, आणि काठावर नाव घालून घेतलं होतं : 'कै. सौ. छाया प्रफुल्ल विधाते यांच्या स्मरणार्थ'. कॉलनीत, कॉलेजात, नात्यागोत्यात ती त्यांनी स्वतः जाऊन दिली. बोलून दाखवलं नाही, पण मनात धरलं होतं की पन्नासेक घरांत रोज कुणीतरी जेवायला बसेल, आणि छाया पन्नासेक ठिकाणी रोज वाढत राहील. आपल्या घरात ताटं वाजायची बंद झाली आहेत, पण दुसऱ्यांच्या घरी ती वाजताहेत, एवढ्या एका समजुतीवर प्रफुल्ल नावाचा हा उदास माणूस सकाळी उठत होता आणि दाढी करत होता.

हर्षालीने कॉलनीच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर सरांना दाखवून घेतला : 'आपल्या घरचं वापरात नसलेलं एक ताट कॉलेजला द्या.' सरांनी त्यातली ऱ्हस्वदीर्घं तपासली, आणि सही करावी तसा मान हलवून होकार दिला. पुढचं सगळं रामायण त्या एका 'वापरात नसलेलं'मधून निघणार होतं, पण तिथे लाल शाई लावायचं त्यांना सुचलं नाही.

पहिल्या मजल्यावरचे सहादू अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून सल्ल्याच्या खात्यात रुजू होते. त्यांनी सरांना जिन्यातच गाठलं. "सर, भांडी मागू नका. रक्त मागा, लोक देतील. भांडं सुटत नाही हो माणसाच्या हातून."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "बरं, मागायचीच तर रजिस्टर ठेवा. नाव, गाव, नग. आमच्या खात्यात एक कालवा हरवला होता, रजिस्टर नव्हतं म्हणून."

सरांनी रजिस्टर ठेवलं. हा सल्ला त्यांनी ऐकला नसता तर बरं झालं असतं, पण अण्णांचे नव्याण्णव सल्ले न ऐकलेला माणूस शंभराव्याला कधीतरी शरमेनेच बळी पडतो.

आणि ताटं आली! लोक इतक्या उत्साहाने देऊ लागले की सरांना गहिवरून आलं. एकेका घरातून चार-चार, पाच-पाच. बायका स्टुलावर चढून माळ्यावरून काढून देत होत्या आणि वर "अजून हवीत का हो?" म्हणत होत्या. महेश पोत्यात भरत होता, हर्षाली ताटावरचं नाव वाचून रजिस्टरात उतरवत होती. दुसरं पोतं भरल्यावर तिचा आवाज बारीक झाला.

"सर, सगळ्यांच्या आधी 'कै.' आहे."

आपल्याकडे माणूस गेलं की वर्षश्राद्धाला त्याच्या नावाचं भांडं वाटतात. ते नको म्हणता येत नाही, मोडीत घालायला हात धजत नाही, आणि त्यात जेवायला जीव होत नाही. मग ते कागदात गुंडाळून माळ्यावर जातं. वापरात नसलेलं असं प्रत्येक घरात जर काही असेल, तर ते हेच. दोनशे चार ताटं जमली. त्यातली एकशे शहाऐंशी दिवंगतांची होती. कै. पुतळाबाई, कै. नवसाबाई, कुणाचे मामा, कुणाची आत्या, गावोगावची माणसं पोत्यात एकावर एक बसून कॉलेजला निघाली होती.

"ताट ते ताट," सर म्हणाले. "स्टीलला काय कळतंय."

ते असं म्हणाले तेव्हा अण्णांच्या दारात उभे होते. अण्णांच्या बायकोने, कुसाबाईंनी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ताट हर्षालीच्या हातात दिलं आणि हर्षालीने कागद सोडला. खोलगट, जाड ताट. हर्षालीने नाव वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं.

कुसाबाईंनी हर्षालीमागे उभ्या असलेल्या सरांना तेव्हा पाहिलं. "अगं बाई, प्रफुल्लभाऊ... हे नाही, दुसरं द्यायचं होतं मला..."

"असू द्या वहिनी," सर म्हणाले. "उपयोगाला येईल."

संध्याकाळपर्यंत छायाची एकोणीस ताटं परत आली. पाठक बाईंकडून आलं, बँकेतल्या जाधवांकडून आलं, तिच्या हातचं पुरण हक्काने मागून नेणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरून आलं. एकालाही पोचा नव्हता, ओरखडा नव्हता. दोघा-तिघांवर दुकानाचा कागदी बिल्लासुद्धा तसाच होता. हर्षालीने ती वेगळी ठेवायची का म्हणून विचारलं. सर म्हणाले, "वेगळी कशाला? ती सगळ्यांत जेवणारी होती." मग ते घरी गेले आणि ब्रेड खाऊन झोपले.

बँकेचं उद्घाटन पहिल्या वर्षाच्या मुलांच्या स्वागत समारंभात झालं. प्राचार्यांनी पर्यावरणावर भाषण केलं, एवढं लांब की मसालेभात दोनदा गरम करावा लागला. मग पंगत बसली. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. दहा मिनिटं बरी गेली. मग मुलांनी काठ वाचायला सुरुवात केली.

"माझी कोण आहे बघ... कै. गंगूबाई."

"मला कै. मेजर आलेत."

"ए, बदल ना! माझे तरुणपणीच गेलेत, लिहिलंय बघ, अपघाती निधन."

एका मुलीने श्रीखंड नावाला लागू नये म्हणून ताटाच्या मधोमध गोळा करून ठेवलं आणि रडू लागली. दुसरी उठली. ताटं या पंगतीतून त्या पंगतीत फिरू लागली. सर "काही होत नाही, काही होत नाही" म्हणत हात जोडून हिंडत होते, जणू त्यांच्याच घरचं तेरावं होतं. एवढ्यात महेशने किंकाळी फोडली. त्याच्या ताटाच्या काठावर लिहिलेलं होतं : 'कै. महेश यांच्या स्मरणार्थ'. पुढे आडनावही होतं आणि ते दुसरंच होतं, पण तिथपर्यंत वाचायला महेश थांबला नाही. पुरी हातात घेऊन तो थेट बसस्टँडवर गेला.

तिसऱ्या दिवशी त्याची आई चांदवडहून आली. तिने प्राचार्यांच्या केबिनमध्ये महेशला खुर्चीवर बसवलं, पदराच्या गाठीतून मीठ-मोहऱ्या काढल्या आणि त्याच्यावरून सात वेळा उतरवल्या. सात होईपर्यंत प्राचार्य उभे राहिले. मग ती सरांकडे वळली. "माझा जिता पोरगा कैलासवासी केला व्हय तुम्ही? शिकवायला घेतला होता की पोचवायला?"

सरांनी सांगितलं की तो महेश वेगळा, सत्तर वर्षांचा होऊन गेला.

"मग आमच्याला सत्तर होऊ द्यायचं होतं ना आधी!"

प्राचार्यांनी ताटांची बँक पुढील आदेशापर्यंत बंद केली. पुढच्या कार्यक्रमाला कागदी प्लेटा आल्या. गायही आली.

एवढ्यावर थांबलं असतं तर सरांनी ते आपल्या इतर अपयशांच्या रांगेत नीट लावून ठेवलं असतं. पण तीस सप्टेंबर उजाडला. सर तापाने घरी होते, म्हणून स्वयंसेवकांची यादी विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवायचं काम गांगुर्डेंकडे गेलं. गांगुर्डे महिन्यापूर्वीच बदलून आलेले, अत्यंत कामसू क्लार्क. सर रुजू झाले तेव्हा ते समाधानाने वाट बघत होते.

"सर, तुमची यादी चढवली. टेबलावरच्या रजिस्टरातली. फार व्यवस्थित रजिस्टर हो! नाव, गाव, नग."

सर खाली बसले.

"एक अडचण आली. नावाआधी 'कै.' पोर्टल घेत नव्हतं. श्री, सौ, कुमारी एवढेच पर्याय. मग मी एकेकाचं बघून भरलं."

अशा रीतीने तीस सप्टेंबरला, कार्यालयीन वेळेत, एवढी सगळी माणसं गांगुर्डेंनी जिवंत केली.

"आणि नग?" सरांनी विचारलं.

"तो तासांचा रकाना समजलो. सगळ्यांना एक-एकच तास दिसत होता. इतक्या लोकांनी एकच तास काम केलंय हे बरं दिसत नाही, म्हणून सरसकट एकशे वीस केले." गांगुर्डेंनी रजिस्टराचं पान उलटलं. "ह्या छायाताई मात्र एकोणीस वेळा होत्या. पोर्टल म्हणालं, नोंद आधीच आहे. एकदाच ठेवल्या. तुमच्याच आडनावाच्या आहेत, नात्यातल्या का?"

"हो," सर म्हणाले. "नात्यातल्या."

आठ दिवसांत प्रमाणपत्रं आली. एकशे अडुसष्ट. सोबत अभिनंदनाचं पत्र : ज्येष्ठ नागरिकांचा आणि ग्रामीण महिलांचा एवढा सहभाग दुसऱ्या कुठल्याही महाविद्यालयाने दाखवला नव्हता. जिवंत विद्यार्थ्यांचं एकही नाव यादीत नव्हतं. महेश सरांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. आवाजात खरी वेदना होती. "सर, पोती मी उचलली. तास मेलेल्यांना?"

"माझे बहुतेक पुतळाबाईंकडे गेलेत," हर्षाली म्हणाली आणि वही मिटून खिडकीबाहेर बघत बसली.

सरांनी विद्यापीठाला चूक कळवली. उत्तर आलं : यादीतून नाव वगळण्यासाठी संबंधित स्वयंसेवकाचा राजीनामा अथवा मृत्यूचा दाखला जोडावा. प्राचार्यांनी पत्र दोनदा वाचलं. "मिळतील का दाखले, विधाते?"

"एकशे अडुसष्ट?"

"मग राहू द्या. पहिले आलोय आपण."

एक दाखला सरांकडे होता. त्याच्या सात झेरॉक्स होत्या. विम्यापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे लागल्या होत्या, त्यातून उरलेल्या. सर कपाटापाशी गेले, फाइल काढली, दाखला काढला. शेजारी प्रमाणपत्र ठेवलं : 'सौ. छाया प्रफुल्ल विधाते यांनी सक्रिय सहभाग घेतला आहे.' घेतला आहे. दोन कागद समोरासमोर ठेवून सर बराच वेळ बसले. मग दाखला फाइलीत परत गेला, आणि विद्यापीठाला काही गेलं नाही.

पण ताटं तरी घरी न्यावीत, असं त्यांनी ठरवलं. ज्यांना नको होती त्यांच्याकडून आली, ज्यांनी जेवायचं ते घाबरले. मग तिथे धूळ खात का ठेवायची? कॉलेज सुटल्यावर महेशला पोतं घेऊन बोलावलं आणि ते कॅन्टीनच्या मोरीपाशी गेले. भांडी घासणाऱ्या लंकाबाई पाटावर बसून आपल्या नादात म्हणत होत्या :

ताट घासते घासते, ताटाला ऱ्हाईना डाग
जेवून गेल्या पाव्हण्याचा, कुठं गं लागावा माग

"लंकाबाई, काठावर माझ्या बायकोचं नाव असलेली ताटं न्यायची आहेत. एकोणीस."

"मला काय वाचता येतं का, सर? तुम्हीच बघा."

सरांनी आणि महेशने ढीग उपसला. अठरा सापडली. एकोणिसावं लंकाबाईंच्या बाजूला होतं, त्यात अर्धी भाकरी, वरण आणि कांदा.

"हे पण तिचंच," सर म्हणाले.

"हे नाय मिळायचं." लंकाबाईंनी ताट पाटाखाली ओढलं. "बाकीची ताटं लय सपाट हाय, वरण पळतं. हे खोल हाय. मी रोज ह्यातच जेवते. कोण म्हणले, बायको? काय नाव?"

"छाया."

"बरं नाव हाय." लंकाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, खाल्ला. सर बघत राहिले. "आता काय घास मोजता का माझे? जा ना. आन् एवढी अठरा नेऊन करणार काय? तुमच्या घरी नव्हतं का ठेवलं एखादं?"

"आहे ना," सर पटकन म्हणाले.

"मग त्याच्यात जेवता ना तुम्ही?"

महेशने पोत्याचं तोंड बांधलं. सर पोत्याचं दुसरं टोक धरायला वाकले.

घरी येऊन त्यांनी स्टूल लावलं. माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलामागे, एक्कावन्नावं ताट होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं. गाठ त्यांचीच होती. कॉलनीला ते दीड महिना मनातल्या मनात बोल लावत होते, पाठक बाईंच्या नमस्काराला त्यांनी धड उत्तर दिलं नव्हतं, आणि गाठ त्यांचीच होती. ती त्यांना दाताने सोडवावी लागली.

त्यांनी ताट धुतलं. मुगाची खिचडी टाकली, ती एकच त्यांना येत होती. कुकर उघडून ताटात वाढून घेतली, समोर बसले, आणि तसेच बसून राहिले. खिचडीवर साय धरायला लागली तेव्हा दार वाजलं.

सहादू अण्णा होते. "सर, पोतं वर चढताना पाहिलं. परत आणली ना भांडी? मी म्हटलं होतं, रक्त मागा." बोलता बोलता त्यांची नजर ताटावर गेली आणि ते गप्प झाले. अण्णा गप्प झालेले सरांनी पहिल्यांदाच पाहिले.

"बसा अण्णा," सर म्हणाले. पोत्यातून एक ताट काढलं, धुतलं, त्यात खिचडी वाढली आणि अण्णांपुढे ठेवलं. जेवणार का म्हणून विचारलं नाही. या घरात ते कधी विचारत नसत.

अण्णा काठाकडे बघत राहिले. "कुसा बसली होती हो एकदा ह्यात जेवायला. आणल्यानंतर आठ दिवसांनी. पहिलाच घास घेतला आणि उठून गॅलरीत गेली. मग मीच ठेवलं वर."

"मी बसलोच नव्हतो," सर म्हणाले.

अण्णांनी घास घेतला. सरांनीही घेतला. थोडा वेळ चमच्यांचा आवाज झाला.

"मीठ राहिलंय," अण्णा म्हणाले.

"हो."

"छायावहिनी असत्या तर..."

"हो."

मिठाची बरणी हाताच्या अंतरावर होती. दोघांपैकी कुणी उठलं नाही. अळणी खिचडी दोघांनी शितापर्यंत संपवली. अण्णांनी तर थोडी अजून मागून घेतली, जिन्यावरून बोलावून आणलेला माणूस मागायचा तशीच, ताट पुढे करून.

मग अण्णा उठले. मोरीत जाऊन आपलं ताट स्वतः घासलं, सदऱ्याच्या टोकाला पुसलं, आणि काखेत धरून दारापाशी थांबले.

"हे आमचंच ना, सर?"

पोत्यातली सतरा ताटं आणि ते, सगळी एकसारखी होती.

"तुमचंच," सर म्हणाले.